तेरा शिडांच्या गलबताचा शेवट

गुणाजी आयुष्यात एकदाच मुंबईला गेला, आणि तोही हात मोडला म्हणून. डोलकाठी उभी करताना दोर निसटला, काठी उजव्या खांद्यावर आली, आणि मुंबईच्या इस्पितळात अडीच महिने काढूनही तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. शेजारच्या खाटेवर छापखान्यात खिळे जुळवणारा एक म्हातारा होता. वेळ जावा म्हणून त्याने गुणाजीला पुस्तकं दिली, आणि चौथी पास झालेला हा कोळ्याचा पोर ती शेंगदाणे खावेत तशी संपवत गेला. “परत आलो तवा एक हात कमी नि सात पुस्तकं जास्त,” असं तो पुढे जन्मभर सांगायचा. ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठेचाळीसची.

त्याचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. एका अंगाला कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला माडांच्या वाड्या, आणि मधे बंदर म्हणायचं म्हणून बंदर. मुंबईची लाँच बाहेरच उभी राहायची. माणसं, टोपल्या, टपाल, सगळं पडावात घालून किनाऱ्याला आणायला लागायचं. एका हाताचा माणूस होडीवर काय कामाचा? म्हणून गावात वाचनालय निघालं तेव्हा त्याची चावी पंचांनी गुणाजीच्या डाव्या हातात ठेवली. खोली पूर्वी मिठाची होती. भिंतींना बाराही महिने घाम फुटायचा आणि पुस्तकांना किंचित खारट वास यायचा.

त्या खोलीत गुणाजी सुखी होता. किती सुखी, ते सांगून कुणाला खरं वाटणार नाही. दुपारी दार लोटून तो गार जमिनीवर आडवा व्हायचा. छातीवर उघडं पुस्तक, बाहेर भरतीचा आवाज, आणि मग झोपही नाही नि जागही नाही अशा त्या वेळेत पुस्तकातली माणसं दारातून आत-बाहेर करू लागायची. कधी एखादी राणी पायातल्या वाळूवर वैतागायची, कधी कुणी सरदार पाणी मागायचा. गुणाजी त्यांना पडल्यापडल्याच सांगायचा, “मडकं थितं हाय, घ्या हातानं.” त्याचं लग्न झालं नाही. विचारलं की म्हणायचा, घरात आधीच माणसं फार.

वाचनालयाच्या दाराबाहेर एक फळा होता. दर सोमवारी सकाळी गुणाजी डाव्या हाताने त्यावर पुस्तकवार्ता लिहायचा. अक्षर एका बाजूला कलंडलेलं, पण मजकूर ठणठणीत. ‘मुंबईहून नवी अकरा पुस्तकं आली. पैकी दोन पडावात भिजली, ती वाळल्यावर मिळतील.’ ‘पोस्टमास्तरांनी चंदनपूरची सून तिसऱ्यांदा नेली आहे. बाकीच्यांनी धीर धरावा.’ ‘भुताच्या पुस्तकातलं शेवटचं पान कुणी फाडलं ते आम्हाला माहीत आहे. त्याने ते गुमान आणून द्यावं.’ लोक बाजारात जाता-येता थांबून वाचायचे. ज्यांना वाचता येत नसे ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, आणि पान फाडणारा कोण यावर दोन दिवस घराघरातून बोलणं चालायचं.

पण फळ्याची खरी किंमत हंगामाच्या तोंडावर. कुठल्या दिवसांत काय वाचावं याबद्दल गुणाजीची मतं पक्की होती आणि त्यात तो कुणाचं ऐकत नसे. थंडीत भुताची पुस्तकं वाचावीत, कारण अंधार लवकर पडतो आणि घोंगडी हाताशी असते. शिमग्यात विनोदी. चैत्र-वैशाखात प्रवासाची, कारण घरात पाहुणे भरलेले असतात आणि कुठेतरी निघून जावंसं वाटत असतं. आणि पावसाळ्यात जाड. जितकं जाड तितकं बरं. मेच्या अखेरीला शेवटची लाँच गेली की गणपतीच्या आसपासपर्यंत मुंबईहून काही येत नसे. त्या शेवटच्या लाँचने मुंबईच्या एका मोठ्या वाचनालयाकडून पुस्तकांची पेटी यायची आणि आधीची पेटी परत जायची. पेटीतून काय आलं त्यावर गावाचे तीन महिने ठरायचे.

कारण पावसाळ्यात वाचायचं ते काही एकट्याने घरात बसून नव्हे. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या की कोळीवाड्यातले पुरुष मोठ्या खोपीत जाळी दुरुस्त करायला बसत. बायका भिंतीकडेला जाळ्यासाठी सूत कातत. आणि मधे, उलट्या ठेवलेल्या टोपलीवर, गुणाजी पुस्तक घेऊन. दिवसाला एक प्रकरण. वाचणाऱ्याने सुई हातात धरायची नाही. त्याच्या घरच्या जाळ्याला बाकीचे हात लावत. गुणाजीला होडी नव्हती, तरी दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसं जाळं विणलं जायचं. मान म्हणून. त्याच्या घरात अशी कोरी जाळी आढ्याला लटकलेली होती, आणि तो त्यांच्याकडे बघत झोपी जायचा.

या वाचनाला एकच अट होती आणि ती घातली विठोबा तांडेलाने. विठोबा म्हणजे कोळीवाड्यातला सर्वांत जुना नाखवा. मिशा पांढऱ्या, आवाज वाऱ्यावरून हाका मारून फाटलेला. सत्तेचाळीसच्या आषाढात, अमावास्येला, मुंबईहून रेवसला निघालेली बोट शेकडो माणसांसकट बुडाली होती. या किनाऱ्यावर असं गाव नव्हतं जिथे त्या दिवशी रड झाली नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी गुणाजीने खोपीत कसलीशी कादंबरी लावली, आणि तिसऱ्या दिवशी त्या कादंबरीतलं जहाज बुडायला लागलं. विठोबाने सुई खाली ठेवली.

“थांब. होड्या वर हायत ना?”

“हायत, मामा.”

“होड्या वर हायत तवर कनची होडी बुडाल्याची गोष्ट या खोपीत करायची न्हाय. नारळ दर्याला गेला की मंग कर काय करायची ती.”

गुणाजीने पुढचं पान पाहिलं. जहाज बुडणारच होतं, चार पानं बुडतच राहणार होतं. त्याने घसा खाकरला आणि डोळे पुस्तकावरच ठेवून त्याने वारा पाडला. शिडं उतरवली. जहाज बंदराला लागलं. खोपीत सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि सुया पुन्हा चालू झाल्या.

तेव्हापासून ती त्याची खोडच झाली. त्याच्या तोंडून एकही जहाज बुडालं नाही. आरमारी लढाया झाल्या की दोन्हीकडची गलबतं घरी जायची; एकदा सुट्टीला आलेल्या मुंबईच्या एका मास्तरने इतिहास सांगायला सुरुवात केली, तर कोळीवाड्यातल्या पोरांनी त्याला चुकीचा ठरवून परत पाठवलं. दुपारच्या त्या अर्धवट झोपेत गुणाजीला खाडी दिसायची, आणि तिच्यात त्याने तारलेली सगळी गलबतं दाटीवाटीने नांगरलेली असायची. परदेशी जहाजं, आरमारी तारवं, चाच्यांचीसुद्धा. डोलकाठ्यांचं रान. खलाशी एकमेकांना विडीला विस्तव मागतायत. त्याला वाटायचं, एका हाताच्या माणसाने यापेक्षा जास्त काय करावं?

मग पंचावन्नच्या फाल्गुनात अनंता गेला.

अनंता गुणाजीचा जिवलग. हात मोडायच्या आधी दोघं एकाच होडीवर असायचे. नंतर अनंता मिळेल त्याला बरोबर घ्यायचा, कुणी नाही मिळालं तर एकटा जायचा. त्या दिवशी एकटा गेला. दुपारी कुठूनशी वावटळ आली, अर्ध्या तासात गेलीही. बाकीच्या होड्या भिजून परत आल्या. अनंताची आली नाही. फळी नाही, वल्हं नाही, काहीच लागलं नाही किनाऱ्याला. त्याची बायको केसर एकवीस वर्षांची. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही, घरात म्हातारी सासू.

कोळीवाड्यात अशा वेळी एक बोलायची रीत आहे. ‘दर्याकडे राह्यला’ म्हणतात. देह लागेपर्यंत दुसरा शब्द कुणी काढत नाही. विठोबाने केसरीला तेच सांगितलं, बायकांनी तेच सांगितलं. देह लागलाच नाही. बघता बघता जेठ आला, होड्या वर आल्या, आणि मग तर तो दुसरा शब्द काढायचा प्रश्नच उरला नाही. नारळी पौर्णिमा झाल्यावर कुणीतरी बोलायला हवं होतं. पण बरी होत चाललेली जखम उकरायची कुणी? जो तो दुसऱ्याकडे बघत राहिला.

त्या पावसाळ्याच्या पेटीत ‘तेरा शिडांचं गलबत’ आलं होतं. नावावरूनच विठोबा चिडला. “तेरा शिडं? दोर कुठं बांधनार, याच्या बापाच्या शेंडीला?” पण पुस्तक जाड होतं आणि लिहिणाऱ्याचा हात गोड होता. सुभानजी नावाचा नाखवा दूरदेशी निघतो, आणि त्याची बायको मैना रोज संध्याकाळी बुरुजावर चढून दिवा लावते, एवढीच गोष्ट. सतरा प्रकरणं. केसर रोज यायची, भिंतीकडेला सूत कातत बसायची. तोंडावर काही नाही. चाती फिरायची तेवढीच.

शेवटचं प्रकरण गुणाजीने आदल्या दिवशीच वाचून ठेवलं होतं. गलबत फुटतं. सुभानजी बुडतो. बातमी येते तेव्हा मैना बुरुजावर चढते, दिवा स्वतःच्या तोंडाने फुंकते आणि अंधारात पायऱ्या मोजत खाली उतरते. वाचून गुणाजी मिठाच्या खोलीत एकटा रडला होता. दुसऱ्या दिवशी खोपीत त्याने ते प्रकरण उघडलं, नि केसरीची चाती थांबलेली त्याला न बघताच कळली.

त्याने गलबत तारलं. नुसतं तारलं नाही, या वेळी त्याचं भानच सुटलं. सुभानजीला त्याने एका बेटावर लावलं, तिथे जगवलं, दाढी वाढवली, आणि बारा वर्षांनी एका अनोळखी होडीतून परत आणलं. बुरुजावरचा दिवा बघून सुभानजी विचारतो, हा दिवा कुणाचा? आणि वल्हवणारा सांगतो, एका बाईचा, ती रोज लावते. बारा वर्षं का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बारा वर्षं वाट बघतात असं ऐकलेलं होतं, ते तोंडात आलं. खोपीत बायका डोळे पुसत होत्या. विठोबासुद्धा म्हणाला, “शिडं जास्त हायत, पन गोष्ट ब्येस.”

त्याच दिवशी तिन्हीसांजेला केसरीच्या अंगणात, दर्याच्या बाजूला, उंच बांबूवर कंदील चढला.

पहिल्यांदा गुणाजीला बरं वाटलं. हो, खोटं कशाला बोला, बरंच वाटलं. पोरगी खायला-प्यायला लागली, सुकट घेऊन बोर्ली पंचतनच्या बाजारात जायला लागली. हातातला हिरवा चुडा तसाच, कपाळावर कुंकू तसंच. हंगामात परतणाऱ्या होड्या तर तो कंदील बघूनच खाडीच्या तोंडात शिरायला लागल्या. त्याला ‘केसरीचा दिवा’ असं नावच पडलं. पण पावसाळ्यातही तो रोज चढायचा. एकही होडी पाण्यात नसायची, समुद्र नुसता काळा आणि उभा राहिलेला, आणि पावसात तो एवढासा पिवळा ठिपका. तो कुणासाठी, हे सगळ्या कोळीवाड्याला कळत होतं.

वर्षं गेली. सासू वारली. बोर्लीच्या बाजारात सुक्या मासळीचा व्यापार करणारा सदा म्हणून एक विधुर होता, शांत, मान खाली घालून बोलणारा. त्याने विठोबाकरवी दोनदा विचारलं. कोळ्यांत दुसरं लग्न काही पाप नाही. केसरीने दोन्ही वेळा एकच उत्तर दिलं, “बारा वरसं व्हायची हायत अजून.” हे ऐकलं त्या दिवशी गुणाजीच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येऊन तो आढ्याच्या कोऱ्या जाळ्यांकडे बघत पडला. आता दुपारी ती खाडी दिसली तरी त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा. एवढी गलबतं नांगरलेली, पण त्यांत अनंताची होडी कधीच नसायची. तो एकेक डोलकाठी न्याहाळत जायचा, आणि जाग यायची.

आणि मग एकसष्टच्या थंडीत गावात मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग निघाला, आणि पहिली पाटी घेतली ती केसरीने.

चार महिन्यांत ती अक्षर लावायला लागली. होळीच्या आधी ती वाचनालयाच्या दारात उभी राहिली. पदर खोचलेला, हाताला सुकटाचा वास.

“भावजी, ते गलबताचं पुस्तक द्या. मला माज्या डोल्यांनी वाचायचं हाय.”

गुणाजीने ते पुस्तक पेटीबरोबर परत जाऊ दिलं नव्हतं. हरवलं म्हणून कळवून मुंबईला बदल्यात दुसरी दोन दिली होती. ते कपाटामागे होतं. “ते व्हय,” तो म्हणाला. “ते बाइंडिंगला गेलंय. अलिबागला.”

सोमवारी फळ्यावर तसं लिहिलंही. पुस्तकवार्तेतली ती पहिली खोटी बातमी. लिहिताना खडू दोनदा मोडला. मग त्याने केसरीला दुसऱ्या पुस्तकांत गुंतवायचा सपाटा लावला. शिमग्याचं म्हणून विनोदी दिलं, चैत्राचं म्हणून काशीयात्रेचं. ती निमूट घेऊन जायची, बोट ठेवत ठेवत संपवायची आणि परत आणून द्यायची. “बरं हाय,” म्हणायची. “बाइंडिंगवाला जिता हाय ना?”

मे संपत आला. शेवटच्या लाँचच्या दिवशी गुणाजीने पेटी भरली आणि सगळ्यांत खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून, ‘तेरा शिडांचं गलबत’ घातलं. मुंबईला गेलं की सुटलो. मन मानत नव्हतं, तरी त्याने पेटी एका पोराच्या डोक्यावर देऊन बंदरावर नेली. ढग भरून आले होते, पाणी शिशासारखं झालं होतं, पडाव तयार होता. आणि तिथे केसर सुकटाच्या टोपल्या चढवत होती. त्याला बघून ती घाम पुसत जवळ आली.

“भावजी, यंदा पावसात काय वाचू? तुमी सगल्या गावाला सांगता. मला सांगा.”

तिने नेहमीचाच प्रश्न विचारला होता. गेली तेरा वर्षं लोक त्याला हाच प्रश्न विचारत होते, आणि या एका प्रश्नाला तो कधी खोटं बोलला नव्हता. नावडतं पुस्तक त्याने कुणाच्या गळ्यात मारलं नव्हतं, आणि हे एक सोडलं तर आवडतं लपवलं नव्हतं. शेवट त्याने बदलले, पण पुस्तक सांगताना त्याने माणूस बघून, त्याच्या भल्याचं तेच सांगितलं होतं. पडाववाला ओरडत होता. गुणाजीने पेटीची दोरी एका हाताने आणि दातांनी सोडली, तळाशी हात घातला आणि वर्तमानपत्राचा पुडा तिच्या हातात दिला.

“ह्ये वाच,” तो म्हणाला. पुढे बरंच बोलायचं होतं. तो पेटीची दोरी पुन्हा बांधू लागला.

केसरीने कागद उलगडला. वरचं चित्र बघून ओळखलं. “बाइंडिंग काय झालेलं दिसत न्हाय,” ती म्हणाली. मग पुस्तक पदराखाली घेतलं. “मी येकटी न्हाय वाचनार. खोपीत वाचीन. यंदा टोपलीवर मी बसते.”

जेठात होड्या वर आल्या. खोपीत पहिल्यांदाच टोपलीवर बाई बसली, आणि विठोबा कुरकुरला, पण गुणाजी स्वतःच खाली भिंतीकडे जाऊन बसल्यावर त्यानेही सुई उचलली. केसर हळू वाचायची. शब्दावर बोट ठेवून, जड अक्षराशी थांबून, जणू प्रत्येक शब्द पाण्यातून ओढून काढतेय. पण त्या थांबण्यातच काहीतरी होतं. झापांवर पाऊस, जाळ्यांना लावलेल्या सालीच्या काढ्याचा वास, धुरकट उजेड, आणि तिचा आवाज. सुभानजी पुन्हा निघाला. मैना पुन्हा बुरुजावर चढली. सतरा प्रकरणांना तिला महिना लागला. पुढचं पान ती कधी आधी बघत नसे. गुणाजी रोज ठरवायचा की आज सांगू, आणि रोज खोपीतून तसाच घरी जायचा. जेवण गेलं. दुपारची झोप गेली. राण्या नि सरदार कुठे गेले कुणास ठाऊक.

शेवटचं प्रकरण आषाढात आलं. बाहेर पाऊस थांबला होता, सगळं पांढुरकं झालं होतं. केसरीने वाचायला घेतलं. वारा उठला. एकेक शीड फाटत गेलं, तिने तेराही मोजली. खोपीत चुळबुळ झाली. ज्यांना गोष्ट आठवत होती ते बेटाची वाट बघत होते. बेट आलं नाही. केसरीचं बोट थांबलं. पुढची ओळ ती मनात वाचत होती, ओठ हलत होते. मग तिने मान वर केली नाही, तशीच मोठ्याने वाचली. गलबत फुटलं. सुभानजी बुडाला.

“पोरी!” विठोबा उठून उभा राहिला. “होड्या वर हायत!”

“ठावं हाय, मामा.” तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “पन बुडाली ती बुडाली म्हनू द्या येकदा. सात वरसं झाली. या कोलीवाड्यात मला येकानंबी न्हाय सांगितलं.”

विठोबा तसाच उभा. एवढा दर्या बघितलेला माणूस, पण त्याला खाली कुठे बघावं कळेना. मग त्याने डोक्याची टोपी काढली आणि फाटक्या आवाजात म्हणाला, “अनंता बुडाला, केसर. त्याच दिशी बुडाला. आमी समद्यांनी वलखलं व्हतं.”

सात वर्षांत केसर पहिल्यांदा रडली. मोठ्याने, तोंड उघडून, जसं माणूस गेल्यावर रडतात तसं. बायकांनी चात्या टाकल्या आणि तिला घेरलं, आणि सात वर्षांपूर्वी व्हायची ती रड त्या दिवशी खोपीत झाली. गुणाजी भिंतीला टेकून रडत होता. ओसरल्यावर तो तिच्यासमोर येऊन बसला.

“तो शेवट म्यां केलेला व्हता, वहिनी. पुस्तकात नव्हताच. माज्यामुलं तू...” त्याने डाव्या हाताने डोळे पुसले. “मी त्याच्यासंगं असतो तर तो येकटा नसता गेला.”

केसरीने पदराने तोंड पुसलं. “तुमच्या शेवटावर मी सात वरसं काढली, भावजी. त्येच्याबिगर पयलं वरीस बी निघालं नसतं. राग हाय मला. लई हाय. पन पुस्तक तुमीच काडून दिलंत ना पेटीतनं.” मग तिने मांडीवरचं पुस्तक पुन्हा उघडलं. “बसा समदे. दोन पानं ऱ्हायली हायत.”

आणि तिने ती वाचली. मैना बुरुजावर चढली, दिवा फुंकला आणि अंधारात पायऱ्या मोजत खाली उतरली.

त्या संध्याकाळी केसरीच्या अंगणातला बांबू रिकामा राहिला. कोळीवाड्यातली माणसं आपापल्या दारातून काळ्या समुद्राकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोपीत आली तेव्हा कंदील तिच्या हातात होता. आभाळ दाटलेलं, आत अक्षर दिसत नव्हतं. तिने तो टोपलीवरच्या आडव्या वाशाला टांगला. “नारली पुनवंला परत वर चडवीन,” ती विठोबाला म्हणाली. “होड्यांना लागतो. तवर हितं असू दे, वाचायला.” मग गुणाजीला हाताने टोपली दाखवून ती भिंतीकडेला सूत घेऊन बसली. गुणाजीने नवं पुस्तक उघडलं. त्यात जहाज होतं की नव्हतं ते त्याने या वेळी आधी बघितलंही नव्हतं.

मग एका दुपारी त्याला पुन्हा झोप लागली. खाडी दिसली, मोकळी, पाणी हळूहळू ओसरत चाललेलं. एकही डोलकाठी नव्हती. फार शांत वाटलं.

सोमवारी त्याने फळा पुसला आणि वर लिहिलं, ‘चूक दुरुस्त: तेरा शिडांचं गलबत बाइंडिंगला गेल्याचं मागे लिहिलं होतं, ते खोटं. पुस्तक कपाटामागे होतं. गुणाजी.’ मग तो चहाला गेला. परत आला तेव्हा फळ्यासमोर चार माणसं उभी होती. त्याच्या कलंडलेल्या ओळींखाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं. मोठी मोठी, जपून काढलेली, नव्याने शिकलेली अक्षरं:

‘या पावसात वाचायचं पुस्तक तेच. एकट्याने वाचू नये. शेवटचं पान सोडू नये.’